स्टिकर, हफमनचं टेबल आणि १.३.२

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरतोय. गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये हॅकर लोक कोड लपवतात, त्यातून बँकेतले पैसे जातात, तेव्हा सगळे फोटो ताबडतोब डिलीट करा आणि हे सगळ्यांना पाठवा. पुरावा काही नाही, कुठल्याशा परदेशी बातमीचा हवाला आणि खाली हात जोडलेले. एका काकांनी खरंच सगळे फोटो उडवले, त्यात नातीच्या बारशाचेही गेले. त्यावर ग्रुपमधली आयटीवाली मंडळी म्हणाली की काका, फोटो म्हणजे नुसता डेटा, तो काय प्रोग्राम आहे का, त्याने काहीही होत नाही. मला दोघांशीही भांडायचंय. कारण चित्राची फाइल नुसती उघडली तरी मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकेल अशी फट सप्टेंबर २०२३ मध्ये खरोखर सापडली होती, आणि तिच्यावरचा इलाज फोटो उडवणं हा नव्हताच, तो होता एका लायब्ररीचा, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडचा, आवृत्तीचा नंबर १.३.१ वरून १.३.२ करणं.

त्या लायब्ररीचं नाव लिबवेबपी. वेबपी हा गूगलने २०१० मध्ये आणलेला चित्रांचा फॉरमॅट, व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर याच फॉरमॅटमध्ये असतात, वेबसाइटवरची बरीच चित्रंही आता याच फॉरमॅटमध्ये. ही फाइल उलगडून पडद्यावर रंग दाखवायचा कोड कोणी घरी बसून नव्याने लिहीत नाही, गूगलने तो ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोणालाही वाचता आणि वापरता येईल असा, फुकट ठेवलाय तोच सगळे घेतात. सदाशिव पेठेतल्या सगळ्या मेस एकाच ठिकाणचा तयार गोडा मसाला आणतात असं समजा, मसाल्यात खोट निघाली तर बनवणाऱ्याने नवा मसाला केला म्हणून भागत नाही, प्रत्येक मेसवाल्या काकूंना आपापल्या स्वयंपाकघरातला डबा रिकामा करून परत भरावा लागतो. क्रोममध्ये एक डबा, फायरफॉक्समध्ये एक, अँड्रॉइडमध्ये एक, आणि इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर बांधलेल्या डेस्कटॉप अ‍ॅप्समध्ये प्रत्येकाचा आपला वेगळा.

घटना अशी घडली. ७ सप्टेंबर २०२३ ला अ‍ॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली, कारण कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाला पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा असा हल्ला सापडला होता ज्यात फोनच्या मालकाने कशालाही हात लावायची गरज नव्हती. त्याच सुमारास अ‍ॅपलची सुरक्षा टीम आणि सिटिझन लॅब यांनी वेबपीच्या कोडमधल्या या फटीबद्दल गूगललाही कळवलं. ११ तारखेला क्रोमची दुरुस्त आवृत्ती आली, १२ ला फायरफॉक्सची, आणि त्याच आठवड्यात लिबवेबपी १.३.२. सुरुवातीला गूगलने हा बग क्रोमचा म्हणून नोंदवला, त्यामुळे आपल्या अ‍ॅपमध्येही तोच कोड बसलाय हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात आलं.

आता मूळ बग. तो मला इतका आवडतो की जरा सविस्तर सांगणार आहे, कारण यात कोणी बावळटपणा केला नव्हता, उलट हिशोब अगदी काटेकोर केला होता.

१९५१ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या डेव्हिड हफमनने वर्गातला निबंध म्हणून एक पद्धत शोधली, १९५२ मध्ये ती छापून आली आणि आजही झिप, जेपेग, वेबपी सगळीकडे तीच आहे. कल्पना साधी. जे वारंवार येतं त्याला छोटा कोड द्या, जे क्वचित येतं त्याला लांब. समजा एका स्टिकरमध्ये चारच रंग आहेत आणि बहुतेक भाग भगवा आहे. मग भगव्याला ०, पांढऱ्याला १०, हिरव्याला ११०, निळ्याला १११. आता ०१००१११ असा एकसलग धागा आला तरी तो एकाच प्रकारे वाचता येतो, भगवा, पांढरा, भगवा, निळा. मध्ये स्वल्पविराम लागत नाही, कारण कुठलाच कोड दुसऱ्या कोडच्या सुरुवातीला येत नाही.

पण एकेक बिट, म्हणजे एकेक ० किंवा १, वाचत बसलं तर काम हळू होतं, म्हणून टेबल बनवतात. आपला सगळ्यात लांब कोड तीन बिटांचा, तर आठ खान्यांचं टेबल घ्या, ००० पासून १११ पर्यंत. पुढचे तीन बिट उचलायचे आणि सरळ त्या खान्यात बघायचं. ० ने सुरू होणारे चारही खाने भगव्याचे, १० ने सुरू होणारे दोन पांढऱ्याचे, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. चार अधिक दोन अधिक एक अधिक एक, बरोब्बर आठ. एकही खाना रिकामा नाही आणि एकावर दोघांचा हक्क नाही. अशा कोडला पूर्ण कोड म्हणतात, आणि व्यवस्थित बनवलेल्या चित्रात तो नेहमी पूर्णच असतो. हे टेबल जमलं की किती सुंदर दिसतं ते कागदावर एकदा काढून बघाच.

खऱ्या वेबपीत कोड १५ बिटांपर्यंत लांब असू शकतो. एकच टेबल करायचं तर ३२,७६८ खाने लागतील, ते परवडत नाही. म्हणून आधी ८ बिटांचं मुख्य टेबल, म्हणजे २५६ खाने, आणि ज्यांचा कोड ८ बिटांपेक्षा लांब आहे त्यांच्यासाठी मुख्य टेबलातल्या खान्यात लिहून ठेवायचं की पुढचं अमुक उपटेबलात बघा. उपटेबल दोन खान्यांचं असू शकतं, चारचं, आठचं, असं वाढत १२८ पर्यंत. मग सगळी मिळून जास्तीत जास्त जागा किती लागेल? याचं उत्तर डोक्याने काढता येत नाही, पण डेटा आकुंचित करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीचे एक कर्ते मार्क अ‍ॅडलर यांनी नेमकं हेच मोजणारा एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवलाय, तो सगळ्या शक्य कोडांचा धांडोळा घेऊन कमाल आकडा सांगतो. २५६ चिन्हांसाठी उत्तर येतं ६३०. लाल, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी ६३०, आधीचा भाग किती मागून परत उचलायचा हे सांगणाऱ्या अंतराच्या ४० चिन्हांना ४१०, हिरव्याला कमीत कमी ६५४, मिळून २,९५४ खाने. लिबवेबपीने तेवढीच जागा घेतली, एकही जास्त नाही.

हा ६३० आकडा अगदी बरोबर आहे, पण फक्त पूर्ण कोडांसाठी.

चित्राच्या फाइलमध्ये कोड लिहिलेला नसतो, फक्त लांबी असते, या चिन्हाला ३ बिट, त्याला ९ बिट वगैरे, त्यावरून कोड आपण बनवायचा. आता कोणी मुद्दाम अशा लांब्या लिहिल्या की बेरीज पुरी होतच नाही, म्हणजे आपल्या उदाहरणातला निळा काढूनच टाकला, तर? उपटेबल किती मोठं करायचं हे पुढे किती कोड येणार आहेत ते बघून ठरतं, आणि कोड कमी पडले तर हिशोब जागा भरायची वाट बघत पुढे पुढे जातो आणि उपटेबल दुपटीने मोठं होत जातं. अशी मोठी उपटेबलं बऱ्याच ठिकाणी करायला लावली की ६३० ची हद्द ओलांडली जाते. लिबवेबपी कोड पूर्ण आहे का हे तपासायची, नाही असं नाही, पण टेबल भरून झाल्यावर, शेवटी. फाइल खोटी आहे हे कळेपर्यंत लिहिणं हद्दीबाहेर गेलेलं असायचं, म्हणजे शेजारच्या मेमरीत दुसऱ्या कुणाचा डेटा होता त्यावर. तिथे काय लिहिलं जाईल हे फाइल बनवणाऱ्याला ठरवता आलं की बाकीचं काम तो करतो.

दुरुस्ती अशी की आधी टेबलाशिवाय कोरडी फेरी मारायची, काहीही न लिहिता फक्त मोजायचं की कोड पूर्ण आहे का आणि किती खाने लागतील, आणि सगळं नीट असेल तरच लिहायला घ्यायचं. बस, एवढंच. ही लायब्ररी गूगलच्या यंत्रणेवर वर्षानुवर्षं फझिंगखाली होती, म्हणजे वेड्यावाकड्या फाइली तिच्यावर सतत फेकल्या जात होत्या, तरी हे निसटलं. कारण आधीची चारही टेबलं काठोकाठ भरायची आणि मग शेवटचं नेमकं अपुरं ठेवायचं, हा योगायोगाने जुळणारा प्रकार नाही.

आता अपग्रेडचं. हिंजवडीत, खराडीत, कुठेही जा, एक वाक्य ऐकू येतंच, चालतंय ना, मग हात लावू नको. ही नुसती भीती असती तर समजू शकलो असतो, पण तिला शहाणपणाचा दर्जा मिळालाय आणि ते मला खटकतं. दसऱ्याला लॅपटॉपला झेंडू वाहायला माझी अजिबात ना नाही, मीही वाहतो, पण अमावस्येला रिलीज नको म्हणून सुरक्षेचा पॅच थांबवणं आणि चालतंय म्हणून तो महिनोन्‌महिने थांबवणं, माझ्या लेखी दोन्ही सारखंच. ओपन सोर्समध्ये दुरुस्ती सगळ्या जगासमोर होते. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवले की कुठल्या ओळी बदलल्या ते दिसतं, म्हणजे फट नेमकी कुठे होती याचा पत्ताच जाहीर होतो. लिबवेबपीच्या बाबतीत हे बदल वाचून, हद्द ओलांडणारी फाइल कशी बनवायची ते काही दिवसांतच संशोधकांनी मांडलं. तुमच्या सर्व्हरवरचं १.३.१ आदल्या दिवशी होतं तेच होतं, एक बिटही बदललेला नाही, पण जगाला त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते बदललं.

अपग्रेडची भीती अगदीच निराधार नाही, हेही मान्य. पायथॉन वापरणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना पिलो ही चित्रांची लायब्ररी माहीत असते. पिलोच्या तयार पॅकेजमध्ये लिबवेबपीचा डबा आतच येतो, आणि दुरुस्त डबा आला तो पिलो १०.०.१ मध्ये, सप्टेंबर २०२३ लाच. शेवटचा आकडा बदलला म्हणजे फक्त दुरुस्ती, काही मोडणार नाही, असा संकेत आहे. जे १०.०.० वर होते त्यांचं काम एका कमांडमध्ये झालं. पण बऱ्याच प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती हवी त्या यादीत, पिलो ९ ची कुठलीतरी आवृत्ती खिळा ठोकून बसवलेली होती. ते १०.०.१ वर गेले आणि फोटो लहान करणारा कोड धाडकन पडला, इमेजमध्ये अँटीअलायस नावाचं काही नाही असा एरर. कारण ते नाव जुनं झालंय, लॅन्क्झोस वापरा, अशी सूचना देऊन १०.०.० मध्ये ते काढून टाकलं होतं. दुरुस्ती एका शब्दाची, पण ती ऐन घाईत करावी लागली, आणि वर दोष आला अपग्रेडच्या माथी. मागे राहण्याची किंमत अशी साठत जाते आणि नेमकी नको त्या दिवशी वसूल होते. म्हणून माझा आग्रह असतो की छोटे अपग्रेड आले की करून टाका, टेस्ट चालवून बघा आणि खिळा ठोकलेली आवृत्ती अधूनमधून पुढे सरकवा.

जे मागे राहूनही सुरक्षित असतात असे लोकही आहेत, आणि त्यांच्यामागे कोणाचे तरी कष्ट असतात. डेबियन लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीत लिबवेबपी १.२.४ आहे. डेबियनच्या मंडळींनी १.३.२ आणलंच नाही, त्यातली फक्त दुरुस्ती उचलून १.२.४ मध्ये बसवली आणि नावाच्या शेवटी डेब१२यू१ अशी शेपटी लावली. बाकी वागणं जुनंच राहिलं, त्यामुळे कोणाचं काही मोडायचं कारण उरलं नाही. नुसता नंबर बघणारा ऑडिटवाल्यांचा स्कॅनर अशा सर्व्हरला लाल रंगात दाखवू शकतो, तेव्हा शेपटी वाचायला शिका आणि ऑडिटरलाही दाखवा. शिवाय डेबियनमध्ये लिबवेबपीची एकच फाइल असते आणि वितरणातले बहुतेक प्रोग्राम ती वाटून घेतात, त्यामुळे एक पॅकेज बदललं की सगळ्यांचं भागतं, फक्त आधीपासून चालू असलेले प्रोग्राम एकदा बंद करून सुरू करावे लागतात, कारण मेमरीत उघडलेली जुनी प्रत ते तशीच धरून असतात. हे रीस्टार्ट पुष्कळ जण विसरतात.

आणि ज्यांनी फोटो डिलीट केले त्या काकांसारख्या सगळ्यांसाठी, फोनच्या सेटिंग्जमध्ये अबाउट फोनच्या आसपास अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट म्हणून एक तारीख असते. अँड्रॉइडची ही दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ च्या पॅचमध्ये आली, ६ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतरची तारीख असेल तर फोनच्या स्वतःच्या डब्याचं काम झालेलं आहे. क्रोमसारखी जी अ‍ॅप्स आपला डबा बरोबर घेऊन येतात ती प्ले स्टोअरमधून वेगळी अपडेट करायची. तारीख त्याआधीची असेल आणि कंपनीने अपडेट देणं बंद केलं असेल, तर त्या फोनवरून निदान बँकेचं काम करू नका.