अनोळखी दगडाची ओळख

उघड्यावर सापडलेली आणि आसपासच्या दगडांशी न जुळणारी वस्तू नेमकी काय आहे, हे ठरवण्याची पद्धत. ती खनिज, जीवाश्म, अशनी (अवकाशातून पडलेला दगड), अश्मयुगीन हत्यार किंवा निव्वळ भट्टीतला कचरा असू शकते. सापडणाऱ्याच्या मनात दुर्मिळ शक्यता आधी येते; तपास मात्र साध्या शक्यता एकेक करून बाद करत पुढे जातो.

निम्मा पुरावा जागेत असतो. म्हणून उचलण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यावा आणि वस्तू सुटी पडली होती की थरात रुतलेली होती, हे टिपून ठेवावे. थरातून उपटलेल्या जीवाश्माचे किंवा हत्याराचे वय ठरवणे फार अवघड होते. शिवाय अशा वस्तू हलवायला अनेक देशांत कायद्याने बंदी आहे.

खनिज ओळखताना रंग सर्वांत फसवा. त्याऐवजी कस पाहतात, म्हणजे झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर दगड घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग. हेमॅटाइट हे लोहखनिज पोलादासारखे करडे दिसले तरी त्याचा कस तांबूसच येतो; मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाचा काळा. कठिनतेसाठी फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली दहा खनिजांची श्रेणी वापरतात. तिच्यावर नख सुमारे २.५, काच ५.५ आणि क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) ७ वर येते; वरच्या अंकाची वस्तू खालच्या अंकाच्या वस्तूवर ओरखडा उठवते. काचेवर ओरखडा उठल्यासारखा वाटला तर तो आधी बोटाने पुसून पाहावा. पुष्कळदा ती मऊ दगडाचीच भुकटी असते.

घनतेची चाचणी घरीही जमते आणि ती फार कमी लोक करतात. दगडाचे वजन करावे, मग तो दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा करावे. ५३० ग्रॅमचा दगड पाण्यात ३३० भरला, तर घट २०० ग्रॅम; ५३० ला २०० ने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, २.६५ येते, म्हणजे क्वार्ट्झइतके. हेमॅटाइटचे सुमारे ५ असते, लोहमय अशनीचे ७ ते ८.

अशनी समजून तपासायला आणलेले बहुतेक दगड अशनी नसतात. चुंबकाला चिकटणे हा पुरावा अपुरा आहे, कारण मॅग्नेटाइट चिकटते आणि लोखंडाच्या भट्टीतली मळीही चिकटू शकते. मळीत बुडबुड्यांची छिद्रे असतात. अशनीच्या पृष्ठभागावर ती जवळजवळ कधीच नसतात. ताज्या अशनीवर वातावरणातून येताना वितळलेले काळे, पातळ कवच असते. लोहमय अशनीत निकेल साधारण पाच टक्क्यांहून जास्त आढळते. तिचा काप घासून त्यावर आम्ल लावले की बहुधा एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची विडमनश्टेटन नक्षी उमटते. धातू लाखो वर्षे सावकाश निवत गेला तरच ही नक्षी तयार होते, त्यामुळे तिची नक्कल जमत नाही. जोरदार चुंबक मात्र लावूच नये, त्याने दगडातले मूळ चुंबकत्व पुसले जाते. हौशी शोधकांनी असे कित्येक नमुने निकामी केले आहेत.

काही आकार जाणकारांनाही चकवतात. मँगनीज ऑक्साइडची झाडासारखी नक्षी वनस्पतीचा जीवाश्म वाटते, तर गोल संधिते (गाळात खनिजे साचून बनलेले गोळे) अंडी म्हणून खपतात. उलट, खरोखर महत्त्वाच्या वस्तूही शतकानुशतके ओळखल्या गेल्या नव्हत्या. युरोपात अश्मयुगीन कुऱ्हाडी विजेबरोबर आकाशातून पडतात असे मानत. त्या माणसाने घडवल्या, असे इटालियन वैद्य मिकेले मेर्काती यांनी सोळाव्या शतकात सुचवले. ‘जिभेचे दगड’ म्हणून जपले जाणारे त्रिकोणी दगड शार्कचे दात आहेत, हे डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६७ मध्ये शार्कच्या डोक्याचे विच्छेदन करून दाखवले.

अनोळखी वस्तू चाटून पाहणे किंवा फोडणे टाळावे. काही खनिजांत आर्सेनिक किंवा ॲस्बेस्टॉस असते आणि गंजलेला धातूचा गोळा न फुटलेला तोफगोळाही निघू शकतो. बाल्टिक किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातील बाँबमधला पांढरा फॉस्फरस अंबरसारखा (प्राचीन झाडांच्या घट्ट झालेल्या राळेच्या खड्यासारखा) दिसतो. तो सुकला की सुमारे ३० अंश सेल्सिअसलाच पेट घेतो आणि अंगातल्या कपड्यांतच जळू लागतो, म्हणून तिथे वेचलेले खडे खिशात न घालता धातूच्या डब्यात ठेवायला सांगतात.