सरकारला कर्ज देणारी विडी कामगार

सोलापूरच्या पूर्व भागात रोज सकाळी हे दृश्य दिसतं: आदल्या दिवशी वळलेल्या विड्या पिशवीत घालून बायका कारखान्याकडे निघालेल्या असतात. विड्या मोजून द्यायच्या, नवी तेंदूपानं आणि तंबाखू घेऊन घरी यायचं. मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि त्यातून पीएफ कापला जातो. ही कपात कुठे जाते? पीएफच्या पैशातला किमान 45 टक्के भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा, असा नियम आहे. रोखा म्हणजे सरकारने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. तेव्हा सरकारच्या सावकारांमध्ये ही बाईसुद्धा आहे, रक्कम भले लहान असेल.

बँकेत पैसे ठेवणाऱ्यांचंही तेच. बँकेच्या ठेवींतल्या दर शंभर रुपयांमागे किमान 18 रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवणं बँकांना बंधनकारक आहे. विमा कंपन्यांचा पैसाही तिकडेच जातो. केंद्राच्या कर्जाचा फार मोठा भाग परदेशातून आलेला नाही, तो आपल्याच बचतीतून उभा राहिला आहे. म्हणून 'देशावर इतकं कर्ज' हा आकडा ऐकून नुसतं घाबरणं मला पुरेसं वाटत नाही. सावकाराने विचारायचा प्रश्न वेगळा असतो: माझ्याकडून घेतलेल्या पैशाचं तू काय केलंस?

2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राने 50.65 लाख कोटी रुपयांचा खर्च मांडला. कर आणि कर्जाव्यतिरिक्तची इतर जमा धरून हाती येणार होते 34.96 लाख कोटी. मधली 15.69 लाख कोटींची फट म्हणजे राजकोषीय तूट, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या 4.4 टक्के. कोरोनाच्या वर्षी, 2020-21 मध्ये, हीच तूट 9.2 टक्क्यांवर गेली होती. त्या मानाने ती निम्म्याहून खाली आली.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो या तुटीच्या आतला बदल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कारखानदार नवा रॅपियर माग घ्यायला कर्ज काढतो, तेव्हा तो माग पुढे कापड विणतो आणि हप्ता फेडतो. तोच कारखानदार कामगारांचा पगार आणि विजेचं बिल कर्ज काढून भरू लागला, तर बाजारात लगेच कुजबुज सुरू होते. सरकारच्या या दुसऱ्या प्रकारच्या कर्जाला महसुली तूट म्हणतात. 2020-21 मध्ये ती जीडीपीच्या 7.3 टक्के होती, म्हणजे उसने घेतलेल्या शंभर रुपयांतले जवळपास ऐंशी रोजच्या खर्चात गेले. 2025-26 च्या अंदाजात हा वाटा तेहतीस रुपयांवर आला. रस्ते, रेल्वे अशा भांडवली कामांवरचा केंद्राचा खर्च 2019-20 मध्ये 3.36 लाख कोटी होता, तो 11.21 लाख कोटींवर नेला गेला. त्या वाढत्या खर्चाच्या काळातच सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम आपल्या दारात सुरू झालं. ही दिशा बरोबर आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

जुन्या कर्जाचं ओझं मात्र हलकं नाही. त्याच अर्थसंकल्पात व्याजापोटी 12.76 लाख कोटी ठेवले होते. तुटीच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा: नव्या कर्जाच्या चार पंचमांशाइतकी रक्कम जुन्या कर्जाच्या व्याजालाच लागते. तरीही जीडीपीशी तुलना केली तर कर्ज हळूहळू उतरू शकतं, ते असं. कर्ज जीडीपीच्या 57 टक्के आहे आणि महागाई धरून जीडीपी वर्षात 10 टक्क्यांनी वाढला, तर तेच जुनं कर्ज वाढलेल्या जीडीपीच्या 52 टक्क्यांच्या आसपास येतं. त्यात नवी 4.4 टक्के तूट मिळवली की होतात साधारण 56. वर्षभरात एक टक्का उतरला. वाढ 6 टक्क्यांवर घसरली तर हेच गणित उलटं फिरतं आणि प्रमाण 58 च्या पुढे जातं.

आता कराकडे. चाटी गल्लीत 1200 रुपयांची चादर घेतली, तर 22 सप्टेंबर 2025 पूर्वी तिच्यावर 12 टक्के, म्हणजे 144 रुपये जीएसटी लागायचा. त्या दिवसापासून 2500 रुपयांपर्यंतच्या चादरीला 5 टक्के, म्हणजे 60 रुपये. निम्मे केंद्राला, निम्मे महाराष्ट्राला. पण हीच चादर हैदराबादच्या दुकानात विकली गेली, तर राज्याचा वाटा तेलंगणाला मिळतो, कारण जीएसटी माल जिथे विणला जातो तिथला नसून जिथे वापरला जातो तिथला कर आहे. एकेकाळी नाक्यावरची जकात महापालिकेच्या तिजोरीत थेट पडायची. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला. व्यापार सुटसुटीत झाला हे खरं, पण शहराची नजर आता मुंबईहून, म्हणजे राज्य सरकारकडून, येणाऱ्या अनुदानाकडे लागलेली असते.

मुंबईचा हिशेब केंद्रापेक्षा अवघड दिसतो. 2025-26 मध्ये राज्याची महसुली तूट सुमारे 46 हजार कोटी आणि एकूण कर्ज 9.3 लाख कोटींच्या घरात, असा अंदाज होता. त्याच वर्षी 'लाडकी बहीण' योजनेसाठी 36 हजार कोटी ठेवले होते. विड्या वळणाऱ्या बाईच्या हाती महिन्याला 1500 रुपये पडतात तेव्हा त्यातून वाणसामान येतं, मुलांच्या वह्या येतात. या पैशाला उधळपट्टी म्हणायची माझी तयारी नाही. मात्र ते देण्यासाठी कर वाढवायचा की दुसरा खर्च कमी करायचा, हे उघडपणे ठरवायला हवं होतं. ते ठरवलं नाही की भार आपोआप कर्जावर जातो.

आणि कर्जाचं व्याज सगळेच भरतात. साबण, चप्पल, चादर विकत घेताना विडी कामगारही कर भरते. त्या करातून दिलं जाणारं व्याज मात्र ज्याची बचत मोठी त्याच्याकडे जास्त जातं. तिच्या पीएफच्या खात्यावर त्यातले थोडे रुपये वर्षाअखेरीस जमा होतात.