टाकीचे घाव आणि उंदराचे चाक

बारावीचे निकाल लागले, की आमच्या वसाहतीतल्या गुणगौरव समारंभात कोणी ना कोणी पाहुणे हमखास सांगतात, की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. यंदा हे वाक्य ऐकताना माझ्या शेजारी भाची बसली होती. धाकट्या भावाचे कौतुक पाहायला ती आली होती आणि स्वतः गणितात नापास झाली होती. घावांनीच मन कणखर होत असेल, तर ज्याला घाव अधिक तो अधिक खंबीर निघायला हवा. प्रयोगशाळेतला हिशेब तसा निघत नाही.

1967 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो, पण त्यांची रचना विलक्षण चोख होती. एका गटाला विजेचे झटके बसत आणि डोक्याने बाजूची पट्टी दाबली, की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तितकेच आणि तितकाच वेळ बसत, फक्त त्यांच्या धडपडीने ते थांबत नसत. पुढे या कुत्र्यांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे झटके सोसत बसून राहिले. घाव सारखेच होते, फरक होता तो घाव थांबवता येण्याचा. ज्या कुत्र्यांना आधी सुटका साधली होती, ते नंतरच्या अटळ झटक्यांनीही हतबल झाले नाहीत.

मेंदूत हे कसे घडते, याचा मायर यांनी पुढे कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांवर घेतलेला शोध मला सर्वांत मोहक वाटतो. मस्तिष्कस्तंभात डॉर्सल राफे नावाचा चेतापेशींचा एक पुंजका आहे. झटके थांबतच नाहीत, तेव्हा या पेशी अतिशय उत्तेजित होऊन अमिग्डालासारख्या, भीतीशी निगडित भागांत सेरोटोनिन हे रसायन ओततात, आणि त्यातून भीती वाढते. (सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणत गोळ्या खपवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) ज्या उंदराला पुढच्या पंजांनी छोटे चाक फिरवून झटका थांबवता येतो, त्याच्या कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाला आपल्या कृतीचा परिणाम उमगतो. तिथून निघालेला संदेश राफेजवळच्या, गाबा हे रसायन सोडणाऱ्या पेशींना जागे करतो आणि त्या पेशी सेरोटोनिनच्या पेशींना आवर घालतात. म्हणजे उत्तेजनाच्या संदेशातून शमन साधले जाते. 2005 मध्ये मायर यांच्या गटाने दाखवले, की हा प्रीफ्रंटल भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर उंदीर चाक व्यवस्थित फिरवतो, झटके थांबवतोही, पण नंतर झटके थांबवता न आलेल्या उंदराइतकाच हतबल ठरतो. एकदा हे नियंत्रण अनुभवलेल्या उंदरावर पुढे अटळ झटके आले, तरी हा लगाम मात्र काम करतो.

सेलिगमन आणि मायर यांनी 2016 मध्ये मोकळेपणाने मान्य केले, की हतबलता अनुभवातून शिकली जाते हा आपला जुना सिद्धान्त उलटा होता: दीर्घ संकटात गलितगात्र होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, आणि शिकावे लागते ते नियंत्रण.

उंदरावरून माणसाबद्दल बोलताना जपूनच बोलावे. तरीही अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत थोडी संकटे झेललेले लोक, एकही न झेललेल्यांपेक्षा आणि फार झेललेल्यांपेक्षाही मनाने सुस्थितीत आढळले. पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण ‘जितके घाव तितके देवपण’ हे गणित इथेही चुकते. साडेसाती सांगून शनीला तेल वाहायला लावणारे याबाबत आणखी चलाख असतात. मायर यांच्या प्रयोगात हतबल गटातल्या उंदरांपुढेही चाक असे, फक्त ते कशाला जोडलेले नसे. तेलाची वाटी हे तसलेच चाक आहे.

भाचीने समारंभाच्या दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज भरला. प्रत आल्यावर आम्ही दोघांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली. सर्वाधिक गुण इंटिग्रेशनमध्ये गेले होते, आणि चारपैकी तीन उदाहरणांत चूक एकच होती, अधिक-उणे चिन्हाची. पुरवणी परीक्षेपर्यंत ती रोज तसली दहा उदाहरणे सोडवते आहे आणि प्रत्येक चिन्हाभोवती लाल पेनाने गोल काढते आहे.