बाटलीतला साका आणि राज्यघटनेतला हक्क

खडकवासला धरणाचे पाणी काचेच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरून घेतले आणि त्यात आधी मँगनीज सल्फेटचे व मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडले, की क्षणभरात तपकिरी साका तयार होतो आणि सावकाश तळाशी बसू लागतो. हा तपकिरी रंग म्हणजे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची खूण. हाच प्रयोग भर उन्हाळ्यात, पुणे शहर ओलांडून मुंढव्याकडे गेलेल्या मुळा-मुठेच्या पाण्यावर केला, तर साक्याचा रंग फिकट पडतो. प्राणवायू मुळीच नसेल, तर तो पांढराच राहतो. विंकलर पद्धत या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १८८८ सालची आहे आणि आजही विद्यार्थी ती हाताने करतात. स्वच्छ पर्यावरणाचा हक्क मोजता येतो का, असे कोणी विचारले, तर मला ही बाटली दाखवावीशी वाटते.

पंचवीस अंश सेल्सियस तापमानाच्या निर्मळ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे टिकण्यासाठी तो निदान ४ आणि नदी स्नानायोग्य मानण्यासाठी निदान ५ मिलिग्रॅम असावा, असे आपल्याकडचे निकष सांगतात. सांडपाणी स्वतः हा प्राणवायू खात नाही. त्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जगणारे जीवाणू तो वापरून टाकतात. त्यांना लागणाऱ्या प्राणवायूला जैविक ऑक्सिजन मागणी म्हणतात आणि स्नानायोग्य पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्यात ती २०० धरली, तर अशा एका लिटरला त्या मर्यादेत आणण्यासाठी साठाहून अधिक लिटर अगदी निर्मळ पाणी मिसळावे लागेल. धरणाखाली उन्हाळ्यात मुठेला तेवढे स्वच्छ पाणी मिळत नाही, आणि म्हणूनच नदी स्वतःला स्वच्छ करून घेईल ही आशा या साध्या हिशेबापुढे टिकत नाही.

आता घटनेकडे वळू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४८क आणि कलम ५१क आणले. पहिल्याने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले आणि दुसऱ्याने ते नागरिकाचे मूलभूत कर्तव्य केले. परंतु मार्गदर्शक तत्त्वाच्या अंमलबजावणीसाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने भरून काढली. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ साली, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा उपभोग हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले, आणि २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही मान्य केला.

मग हा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत स्वतंत्र शब्दांत लिहिण्याची गरज काय? माझ्या मते गरज आहे, कारण अन्वयार्थातून निघालेला हक्क बहुधा नुकसान झाल्यानंतर, कोणीतरी दार ठोठावल्यावर जागा होतो. लिहिलेला हक्क मात्र कायदा करणाऱ्याला आणि परवाना देणाऱ्याला आधीच दिसतो. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ साली सुरक्षित पिण्याचे पाणी आणि प्रदूषण प्रतिबंध यांसाठी असे नवे कलम सुचवलेही होते. अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क शब्दशः लिहिलेला असल्यामुळे तेथील १६ मुले व तरुण न्यायालयात गेले. प्रकल्पांची तपासणी करताना हरितगृह वायूंचा विचारच करू नये, असे सांगणारी कायद्यातील तरतूद २०२३ मध्ये रद्द झाली आणि २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

शब्दांबरोबर आकडाही लागतो, आणि आकडा कोण ठरवतो हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवेतील २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस ५ ची आहे. हिवाळ्यात टेकड्यांच्या कुशीतील पुण्यावर पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि धूर वर जात नाही. तेव्हा हे कण ज्याच्या फुप्फुसात उतरतात, त्याचा हक्क ४० वर मोजायचा की ५ वर? हा आकडा आरोग्याच्या पुराव्यावर, उघड चर्चेतून ठरला पाहिजे आणि त्याच्याकडे जाण्याची मुदतही लिहिली गेली पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत तर हक्काचा धारक आणि प्रदूषण करणारा यांची गावे वेगळी असतात. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी जलाशयात पोहोचते आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. नदी शहराबाहेर पडते त्या जागी विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा रोज मोजून जाहीर झाला, तर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला त्या खंडपीठापुढे उभे राहताना हातात वर्षभराच्या नोंदी घेऊन येता येईल.