ग्रामीण ठाण्यातील मध्यक कौटुंबिक उत्पन्न

गावातली सगळी घरे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचे उत्पन्न म्हणजे मध्यक कौटुंबिक उत्पन्न. दहावीच्या गणितात शिकवतात तोच हा मध्यक. सरासरी का चालत नाही, हे शहापूर तालुक्यात लगेच कळते. समृद्धी महामार्गासाठी जमीन गेलेल्या चार-पाच घरांना मोठा मोबदला मिळाला की गावाची सरासरी एका वर्षात उसळी घेते. मधले घर होते तिथेच राहते. (मोबदला ही विकलेल्या जमिनीची किंमत, उत्पन्न नव्हेच. पण विचारले की घरधनी तोच आकडा आधी सांगतो.)

ठाणे जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यात वरच्या क्रमांकांत असते. त्यावरून जिल्ह्यातल्याच मुरबाड तालुक्याचा अंदाज बांधणे मात्र भाबडेपणाचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि डोंगरालगतची कातकरी वाडी त्यात एकाच भागाकारात बसतात.

भारताच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न नसतो. अमेरिकेत ग्रामीण काउंटीचाही (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) मध्यक दरवर्षी काढतात. नमुना पाहणी तोकडी पडते तिथे प्राप्तिकर विवरणपत्रे आणि अन्नसाहाय्याच्या नोंदी यांची जोड देतात. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तिथल्या हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे दरडोई उत्पन्न काढण्यासाठी वापरलेली रीत या कामाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे ही वाट अडते: शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आणि मजुराचे विवरणपत्र कुठून येणार?

कागद आहेत, पण ते उत्पन्नापेक्षा मर्यादा सांगतात. रेशनकार्डाचा केशरी रंग वार्षिक १५ हजार ते १ लाख या टप्प्याचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ज्या योजनेसाठी काढायचा, तिच्या मर्यादेच्या जरा खाली येऊन थांबतो. असे दाखले रचून मध्यक काढला, तर हाती योजनांचा इतिहास लागेल.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत घरातल्या सर्वाधिक कमावत्या माणसाचे मासिक उत्पन्न तीनच गटांत नोंदले: ५ हजारांच्या आत, ५ ते १० हजार, त्यावर. देशभरातली सुमारे ७५ टक्के ग्रामीण घरे पहिल्या गटात होती. म्हणजे मध्यकही त्याच गटात. सूत्राने ५० भागिले ७५ गुणिले ५,०००, साधारण ३,३०० रुपये. गणित बरोबर, अर्थ डळमळीत: हे एका माणसाचे उत्पन्न, घराचे नव्हे, आणि गटात घरे सारखी पसरली आहेत हे आपणच गृहीत धरलेले. नाबार्डच्या पाहणीत ग्रामीण घराचे सरासरी मासिक उत्पन्न २०१६-१७ मध्ये ८,०५९, तर २०२१-२२ मध्ये १२,६९८ रुपये आले. तेही देशाचे, आणि महागाई वजा न केलेले.

काळाची तुलना करताना सर्वांत मोठा फसवा खड्डा हद्दीचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगडसह ८ तालुके गेले. ‘ठाणे ग्रामीण’चा मध्यक त्या दिवशी नुसत्या कागदावर वर सरकला असणार. म्हणून मालिका जिल्ह्याची न करता तालुक्याची करावी. उलटा प्रकारही घडतो. गावाची वस्ती ५ हजारांवर गेली, घनता वाढली आणि तीन चतुर्थांश पुरुष कामगार शेतीबाहेर गेले की जनगणना त्याला नगर मानते. बरे कमावणारे गाव ग्रामीण यादीतून उठते आणि उरलेल्यांचा मध्यक खाली येतो, कोणीही गरीब न होता.

मग ‘घर’ कोणते? पाहणीत एका चुलीवर जेवणारे ते एक घर. थोरला मुलगा आसनगावहून लोकल पकडून कामाला जातो आणि रात्री घरी जेवतो, तोवर त्याचा पगार घरात धरायचा. त्याने कल्याणला खोली घेतली की तो पाठवतो तेवढेच पैसे. घरचा भात घरीच खाल्ला, तर त्याचीही किंमत बाजारभावाने लावावी लागते, नाहीतर शेतकरी घर उगाच कफल्लक दिसते.

वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांचा हिशेब सर्वांत अवघड. दिवाळीनंतर वाडीतली दारे बंद होतात, ती पावसाच्या तोंडावर उघडतात. जानेवारीत गेलेल्या पाहणीदाराला कुलूप दिसते, आणि ओळीतली सर्वांत खालची घरेच गळतात. जूनमध्ये गेला तर घर भेटते, पण सांगते काय? भट्टीवाल्याकडून पावसाळ्यात २० हजारांची उचल घेतली, हंगामभर विटा पाडल्या, फिटल्यावर हातात ६ हजार आले, असे समजा. घरच्यांच्या लेखी कमाई ६ हजार. पाहणीच्या लेखी मजुरी २६ हजार, कारण उचल हे कर्ज आणि ते मजुरीतून फेडले. पण ते २० हजार आदल्या पावसाळ्यातच घरात खर्चून संपलेले असतात, त्यामुळे ही मजुरी कोणत्या वर्षात मांडायची, हे पाहणी सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावे लागते.