राजकीय जाहिरातीतील मनवळवणी : सोलापूर

मतदाराचा विश्वास, भावना आणि तर्क यांना हात घालून त्याचे मत एखाद्या पक्षाकडे किंवा उमेदवाराकडे वळवण्याची भाषिक व दृश्य रीत म्हणजे राजकीय जाहिरातीतील मनवळवणी. चौकातला फ्लेक्स, रंगवलेली भिंत, घरोघर टाकलेले पत्रक, रिक्षावरचा भोंगा, वर्तमानपत्राचे पान, रेडिओवरचे जिंगल आणि मोबाइलवरचे रील ही तिची माध्यमे होत. या विषयासाठी सोलापूर हे सोयीचे शहर आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे मतदार इथे एकाच बाजारात वावरतात. त्यामुळे एकच आवाहन चार भाषांत फिरताना कुठे रुजते आणि कुठे घसरते, ते लगेच दिसते.

संकल्पना

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने इ.स.पू. चौथ्या शतकात मन वळवण्याची तीन साधने सांगितली : बोलणाऱ्याचे शील (एथॉस), ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना (पॅथॉस) आणि बोलण्यातला युक्तिवाद (लोगॉस). संस्कृत काव्यशास्त्राने उपदेशाचे प्रकार वेगळ्या अंगाने पाडले : राजाज्ञेसारखा प्रभुसंमित, मित्राच्या सल्ल्यासारखा सुहृत्संमित आणि प्रियेच्या लाडीगोडीसारखा कांतासंमित. प्रचाराच्या दिवसांत उमेदवार शेवटच्या दोन सुरांतच बोलतो. पहिला सूर निवडून आल्यावर लागतो.

जाहिरात समजून घ्यायला या त्रयीपेक्षाही उपयोगी पडते ती ॲरिस्टॉटलचीच, पण मागे राहिलेली एक कल्पना. ती म्हणजे ‘एन्थिमीम’, एक पायरी गाळलेला युक्तिवाद. बोलणारा अर्धे बोलून थांबतो, उरलेले ऐकणारा भरतो. आणि स्वतः भरले म्हणून ते त्याला स्वतःचेच मत वाटते. अमेरिकेत लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारातली, फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि पाठोपाठ अणुस्फोट दाखवणारी जाहिरात ७ सप्टेंबर १९६४ रोजी एकदाच प्रसारित झाली. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव तिच्यात कुठेच नव्हते. ते प्रेक्षकांनी घातले. भारतात २००४ साली वाजपेयी सरकारच्या ‘इंडिया शायनिंग’ (भारत चमकतोय) या प्रचाराचे नेमके उलटे झाले. गाळलेली जागा भरायची तर घरात काहीतरी चमकायला हवे होते, आणि बऱ्याच घरांत ते नव्हते.

‘आपला’ आणि ‘आमचा’

सोलापूरच्या फ्लेक्सवर सर्वांत जास्त राबणारा शब्द ‘विकास’ नाही, ‘आपला’ आहे. ‘आपला माणूस, हक्काचा माणूस’ या ओळीत उमेदवाराचे काम, शिक्षण, पक्ष यांतले काहीच नाही. आपला म्हणजे कोणाचा, ही पायरी गाळलेली आहे. वाचणारा ती पेठ, भाषा, जात, तालीम, गिरणी, देवस्थान यांपैकी त्याला जवळच्या वाटणाऱ्या गोष्टीने भरतो.

इथे व्याकरण प्रचारकाच्या मदतीला येते. मराठीत ‘आमचा’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपला’ म्हटले की आत येतो. तेलुगूतही हाच भेद आहे : ‘मा’ म्हणजे तुम्हाला वगळून आमचे, ‘मन’ म्हणजे तुमच्यासह आपले. म्हणून यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या पूर्व भागात ‘आपला माणूस’चे ‘मनोडु’ सहज होते. कन्नडमध्ये मात्र ‘नम्म’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडच्या सभेत ‘नम्मव’ म्हटले, तर त्यात ऐकणारा धरला आहे की नाही हे शब्द सांगत नाही. ते वक्त्याच्या सुरावर आणि आडनावावर ठरते. मजकूर चार लिपींत छापून घेणे सोपे आहे, पण ज्याने नुसते भाषांतर करून घेतले त्याचे आवाहन एका भाषेत मिठी मारते आणि दुसरीत दारातच उभे राहते.

याच कारणाने २०१९ साली कोल्हापुरातून गाजलेले ‘आमचं ठरलंय’ हे घोषवाक्य लक्षात घेण्यासारखे आहे. त्यात मुद्दाम ‘आमचं’ आहे. आमचे ठरले, तुम्ही मागे का, असा त्याचा डाव. वाऱ्याबरोबर जाण्याची माणसाची सवय त्यात पकडली आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतल्या भाजपच्या ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ या जाहिरातीने तिसरी वाट धरली. तिथे सर्वनाम एकवचनी, आणि प्रश्न असा की उत्तर देणाऱ्याने तक्रारीत सामील झालेच पाहिजे.

बोलीचे गणित वेगळे. सोलापुरी ‘बे’ आणि ‘काय करालास?’ हे रीलमध्ये चालतात, फ्लेक्सवर नाही. कागदावर उमेदवार आदबशीर प्रमाणभाषेत हात जोडून उभा असतो. बोलीत बोलायचे काम त्याचे कार्यकर्ते करतात.

शीलाचे आवाहन

सोलापूरच्या चौकातला फ्लेक्स वरून खाली वाचावा. वरच्या पट्टीत दिवंगत महापुरुष आणि राष्ट्रीय नेते, त्याखाली राज्यातले नेते, मध्ये मोठा उमेदवार, आणि तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांची रांग. वरची पट्टी उमेदवाराला वजन देते, खालची पट्टी त्याच्याकडून वजन घेते. गल्लीतला मतदार बहुधा खालूनच वाचायला लागतो, कारण ओळखीचे चेहरे तिथे असतात. महापुरुषांच्या तसबिरींचा क्रमही निरर्थक नसतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे एकत्र लावले की शहराच्या एकीचा दावा होतो. चौघांतला एकच उचलला, तर दावा दुसराच होतो.

सोलापूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणून उमेदवाराच्या जातीवर थेट उभारलेले आवाहन इथे पुरत नाही. दुसऱ्या कशाने तरी ‘आपलेपण’ दाखवावे लागते. २०१९ साली भाजपचे उमेदवार जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांची भगवी वस्त्रे आणि मठाची गादी हेच सर्वांत मोठे चिन्ह होते. समोर माजी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांचा दीर्घ अनुभव आणि प्रकाश आंबेडकर यांचा वारसा होता. तिघांची मांडणी शीलाचीच, पण श्रद्धा, कर्तृत्व आणि परंपरा अशा तीन जातींची. २०२४ मध्ये सुशीलकुमारांच्या कन्या, काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी ‘सोलापूरची लेक’ ही ओळख पुढे केली. त्यामुळे माळशिरसचे तेव्हाचे आमदार, भाजपचे राम सातपुते बाहेरचे ठरत होते, हे वेगळे सांगावे लागले नाही. सातपुते यांनी ऊसतोड मजुराचा मुलगा ही ओळख उत्तरादाखल मांडली. तिच्यातही समोरचे घराणे न बोलता येत होते. ७ मे २०२४ च्या मतदानात लेकीची बाजू जिंकली. पण निकालावरून घोषवाक्याचे श्रेय मोजणे धोक्याचे, कारण त्याच वर्षी कांदा, आरक्षण आणि संविधान हे विषयही मतपेटीपर्यंत गेले होते.

तर्काचे आवाहन

आकडे देणाऱ्या जाहिरातीला लोक तर्काची जाहिरात समजतात. तसे नेहमी नसते. ‘इतके हजार कोटींचा निधी’ हा आकडा मोठा असतो, पण तो तपासायला मतदाराकडे काही साधन नाही. तो आकडा खरे तर भावनेचे काम करतो. याउलट पाण्याचा आकडा प्रत्येक सोलापूरकर घरी बसून तपासतो. भीमेवरचे उजनी धरण भरलेले असूनही शहराला पाणी रोज मिळत नाही, काही दिवसांआड मिळते. त्यामुळे ‘दररोज पाणी’ या दोन शब्दांची छाननी प्रत्येक मोरीत होते. हंडे भरून ठेवणाऱ्या बाईपुढे ठेवलेला हा बहुधा शहरातला सर्वांत प्रामाणिक तार्किक दावा आहे, आणि म्हणून सत्तेत असलेल्या कोणत्याही पक्षाला सर्वांत अडचणीचा.

विमानतळाचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. विमानांच्या मार्गात येते म्हणून श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. एका बाजूला ती शहराच्या प्रगतीतला अडथळा होती, तर दुसऱ्या बाजूला सभासद शेतकऱ्याच्या घामाची खूण. त्या चिमणीवर तर्क आणि भावना दोघींनी हक्क सांगितला. विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या थोडे आधी झाले. नियमित प्रवासी विमान गोव्याकडे उडाले ते जून २०२५ मध्ये. मधल्या काळात ‘विमानतळ सुरू’ आणि ‘विमान कुठाय?’ ही दोन्ही वाक्ये खरी होती. जाहिरातीतला तर्क बहुतेक वेळा खोट्यावर चालत नाही, अशा अर्ध्या खऱ्यावर चालतो.

श्रेयवाद

झालेले काम कोणाच्या नावावर चढवायचे या भांडणाला मराठी राजकारणात ‘श्रेयवाद’ हा नेमका शब्द आहे. सोलापूरजवळच्या कुंभारी इथली कामगार घरकुले हा त्याचा उत्तम नमुना. मार्क्सवादी नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली विडी कामगारांची १० हजार घरे २००६ मध्ये काँग्रेसचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. तिथल्याच रे नगर या ३० हजार घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी आणि त्यांतल्या १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी भाजपचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. पायाभरणीच्या वेळी मोदींचे कौतुक केले म्हणून आडम यांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. घर एकच, पण युक्तिवाद तीन : लढून मिळवले, आमच्या काळात मिळाले, आमच्या योजनेतून मिळाले. यांतले कुठलेही वाक्य खोटे नाही. जाहिरात उरलेली दोन गाळते.

भावनेचे आवाहन

त्याच १९ जानेवारीच्या भाषणात, लहानपणी असे घर मिळाले असते तर, असे म्हणताना मोदींचा कंठ दाटून आला. ती चित्रफीत देशभर फिरली. कार्यक्रम सरकारी होता, जाहिरात नव्हे. पण आवाहन म्हणून तो शिकवण्यासारखा नमुना आहे. गरिबीची आठवण एकाच वेळी भावना जागवते आणि बोलणाऱ्याचे शीलही उभे करते, म्हणजे दोन साधने एका वाक्यात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वराची यात्रा) आणि संक्रांतीचे हळदीकुंकू असते. इच्छुकांच्या घरच्या बायका वाण लुटतात. त्यात मत मागितले जात नाही, म्हणून ते जास्त चालते.

भीती आणि अपमान या भावना जास्त वेगाने पसरतात. २०२४ च्या विधानसभा प्रचारातले ‘बटेंगे तो कटेंगे’ हे घोषवाक्य कोणापासून धोका ते सांगत नाही, ती जागाही मोकळी आहे. त्याच निवडणुकीत ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये आणि विरोधकांचे ३,००० रुपयांचे आश्वासन समोरासमोर आले. विडी वळणाऱ्या बाईला ‘बहीण’ म्हणणे भावनेचे, आणि खात्यात जमा झालेली रक्कम तर्काची. दोन्ही एकत्र बांधल्यामुळे ती जाहिरात खोडायला अवघड गेली.

नियमन

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७क नुसार प्रत्येक निवडणूक पत्रकावर व फलकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता लागतो. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीसारख्या माध्यमांतून प्रचार करता येत नाही. वृत्तपत्रे या कलमात येत नाहीत, म्हणून मतदानाच्या आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातींना निवडणूक आयोग पूर्वप्रमाणन (आधी तपासून घेतलेली मंजुरी) मागतो. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना ते सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशापासून लागू आहे. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हे कलम १२३(३) खाली निवडणुकीतले ‘भ्रष्ट आचरण’ ठरते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यात मतदाराचाही धर्म आणि जात धरली. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे, पक्षाला नाही.

हे नियम वाक्यावर चालतात, मोकळ्या जागेवर नाही. ‘आपला माणूस’मध्ये ना धर्म आहे ना जात. ‘भावी आमदार’ला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा फ्लेक्स तर निवडणूक जाहीर होण्याआधी लागतो, आणि त्यावर महापालिकेच्या परवानगीपलीकडे कोणी काही विचारत नाही, तीही बऱ्याचदा नसते.