गिटार न उघडता बिघाड शोधताना

बडोद्यात नवरात्र जवळ आली की गरब्याच्या वाद्यवृंदांच्या तालमी सुरू होतात आणि पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या इलेक्ट्रिक गिटारी पिशव्यांतून बाहेर निघतात. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या भिंतींना तोवर ओल चढून गेलेली असते. त्या ओलीने गिटारच्या पोटातल्या तांब्यापितळेवरही आपलं काम केलेलं असतं. मग कुणाची गिटार खरखरते, कुणाची एका ठरावीक जागी स्विच नेला की मुकी होते, कुणाची नुसतीच घूंऽऽ करत बसते. वाजवणाऱ्या पोरांचं निदान मात्र ठरलेलं: "काका, पिकअप उडाला."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांची थरथर विजेत उतरवणारा भाग. बहुतेक वेळा तो उडालेला नसतो. पिकअपमध्ये हलणारा एकही भाग नाही. जिथे काहीतरी फिरतं, सरकतं किंवा खुपसलं जातं, तिथेच बिघाड आधी होतो. म्हणजे पहिला संशय केबलवर, मग जॅकवर (जिथे केबल खुपसतात), मग कुठला पिकअप वाजेल ते ठरवणारा सिलेक्टर स्विच आणि व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवर (बटणाखालचा कमीजास्त होणारा रोध), त्यानंतर सोल्डरच्या जोडांवर. पिकअपचं वेटोळं या रांगेत अगदी शेवटी उभं आहे. आणि यातलं बरंचसं निदान गिटारचा एक स्क्रूही न काढता करता येतं. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो आणि पिकअप कसा चालतो याची थोडी समज लागते.

लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो फेरे, एवढाच पिकअप. चुंबक बहुधा अल्निकोचा, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला, नाहीतर सिरॅमिकचा. वरून जाणारी पोलादी तार या चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेटोळ्यात व्होल्टेज उमटतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पिकअपला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त लोखंडाची हालचाल कळते. सूरसागराच्या काठी जे संगीत महाविद्यालय आहे (त्याची सुरुवात मौलाबक्षांच्या गायनशाळेपासून, १८८६ ची), तिथला एखादा तंबोरा पिकअपवर धरला, तर जोडीच्या पोलादी तारा खणखणीत वाजतील आणि खर्जाची पितळी तार जवळजवळ गप्प राहील.

वेटोळ्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसाएवढी बारीक. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये, म्हणजे सिंगल कॉइलमध्ये, तिचे सात-आठ हजार फेरे असतात. एवढ्या बारीक तारेचा रोध मीटरला साडेपाच ओहमच्या आसपास भरतो, त्यामुळे सहा किलोओहमच्या पिकअपमध्ये किलोमीटरहून जास्त तार गुंडाळलेली असते. हा सहा हजार ओहमचा आकडा लक्षात ठेवायचा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आता केबल गिटारमध्येच राहू द्या आणि तिचं दुसरं टोक अँपमधून काढा. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवून एक प्रोब पिनेच्या टोकाला आणि दुसरा मागच्या दांड्याला लावा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) धाटणीच्या, सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारवर एकच पिकअप निवडला असेल तर ५.८ किंवा ५.९ असं काहीतरी दिसेल. पूर्ण सहा दिसत नाही, कारण २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट पिकअपला पॅरललमध्ये असतो. टोनचा पॉट या हिशेबात धरायचा नाही, त्याच्या वाटेत कपॅसिटर बसलेला असतो आणि मीटरचा एकदिश प्रवाह तिथून जात नाही. स्विच अशा जागी आणला की दोन पिकअप एकत्र लागतात, तर आकडा निम्म्यावर, तीनच्या खाली येतो. हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, असेल तर साधारण आठ किलोओहम, आणि पॉट बहुधा ५०० चा.

हे वाचन म्हणजे अर्धं निदान. स्विचच्या सगळ्या जागांवर शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक केबलच्या पिनेत किंवा जॅकमध्ये. सगळीकडे मीटर ओपन, म्हणजे वाटच तुटलेली, दाखवत असेल तर रेंज बदलून दोन मेगोहमवर न्या. तिथे अडीचशे किलोओहमच्या जवळपासचा आकडा दिसला तर व्हॉल्यूम पॉट, जॅक आणि केबल ही तिन्ही ठीक आहेत, तार त्यांच्या मागे, पिकअपच्या बाजूला सुटली आहे. तिथेही ओपनच असेल तर केबल बदलून पाहा, आणि तरीही तेच आलं तर जॅकचा जोड पाहा. फक्त एकाच जागी ओपन आणि बाकी ठिकाणी व्यवस्थित असेल, तर तो पिकअप किंवा स्विचचा तेवढा संपर्क. हंबकर अचानक बारीक वाजायला लागला, गुणगुणही वाढली आणि मीटरवर आठऐवजी चार आले, तर त्याच्या दोन वेटोळ्यांपैकी एक शॉर्ट होऊन बाजूला पडलं आहे. आकडा पाहतानाच केबल हलवा, पॉट फिरवा, स्विच पुढेमागे करा. ज्या हालचालीला आकडे नाचतात, बिघाड तिथे आहे.

इथे बडोद्याच्या उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना सहा किलोओहम असलेला पिकअप चाळीस अंशांच्या खोलीत ६.४७ दाखवतो. मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावर बसून मोजायचं आणि पिकअपच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायचं, हे मी पाहिलेलं आहे. पिकअप अगदी बरोबर होता. पॉटवर छापलेला आकडासुद्धा दहा-वीस टक्के इकडेतिकडे असतोच.

जॅकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण सगळ्यात जास्त गिटारी त्याच्याचपायी बंद पडतात. बाहेरची चकती सैल होते, केबल लावता-काढताना अख्खा जॅक फिरतो आणि आतली तार पिळून तुटते. चकती घट्ट करताना जॅक आतून धरायचा असतो, हे कोणी सांगत नाही. पॉटची खरखर बहुधा कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून पॉट वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवला की बरेचदा जाते. स्विचलाही तोच उपाय. (स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो मधेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला.) सोल्डरचा जोड चकचकीत आणि तारेला चिकटून उतरलेला दिसला पाहिजे. राखाडी, दाणेदार, गोळा होऊन बसलेला जोड म्हणजे ड्राय सोल्डर. तो डोळ्यांना जोडलेला दिसतो, विजेला नाही. पॉटच्या पाठीवर अर्थिंगच्या तारा सोल्डर करताना हे नेहमी होतं, कारण तो पत्रा उष्णता खाऊन टाकतो आणि हाताखालचं छोटं सोल्डरिंग आयर्न पुरं पडत नाही.

खरी डोकेदुखी असते ती घूं आणि झर्र यांची. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत, पण लोक दोघांवर एकच इलाज करत बसतात.

खालच्या पट्टीतली घूं चुंबकीय असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यामुळे प्रत्येक ट्रान्सफॉर्मरभोवती सेकंदाला पन्नास वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि बिचारं वेटोळं ते तारेच्या थरथरीइतक्याच इमानाने पकडतं. ओळखायची खूण सोपी आहे: गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला गुणगुण वाढली आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ थांबली, तर वायरिंगमध्ये काहीही बिघडलेलं नाही. सिंगल कॉइल अशीच वाजते. यावर गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो उपाय म्हणजे हंबकर: दोन वेटोळी, दोन्हींचे चुंबकीय ध्रुव उलटे आणि जोडणीही उलटी. तारेचा सिग्नल दोनदा उलटून एकमेकांत मिसळतो, बाहेरची गुणगुण एकदाच उलटते आणि कटते. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप याच हिशेबाने उलटा गुंडाळलेला असतो. दुसऱ्या आणि चौथ्या जागी घूं थांबत असेल तर ती त्याचीच करामत.

झर्र किंवा चर्र असा तिखट आवाज मात्र बहुधा विद्युतक्षेत्रातून येतो. गरब्याच्या मैदानावर रोषणाईचे डिमर असतात. जुन्या पद्धतीचा डिमर विजेची लाट दर अर्ध्या फेरीला, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, मधेच कापतो. त्या धारदार कापातून वरच्या पट्टीतले असंख्य स्वर निघतात. तालमीच्या खोलीत शांत असलेली गिटार मैदानावर चरचरते ती यामुळे. गिटारच्या पोकळीत आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की हा आवाज खूप कमी होतो. पण पन्नास हर्ट्झच्या चुंबकीय घूंला ही पातळ पट्टी अडवू शकत नाही. पट्टीवर पैसे आणि रविवार घालवूनही घूं तशीच राहिली म्हणून हिरमुसलेले लोक मला भेटतात. पट्टीने तिचं काम केलेलं असतं, तक्रार दुसऱ्याची असते.

तारांना हात लावल्यावर काय होतं तेही पाहावं. हात लावताच आवाज कमी झाला तर ते बरोबर आहे. तुमचं शरीर आसपासचं क्षेत्र पकडत असतं आणि ब्रिजला (तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात तो धातूचा भाग) जोडलेली अर्थची तार त्याला वाट मोकळी करून देते. तारांना लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की पडतो, तर ब्रिजखालची अर्थची तार सुटली आहे. हात लावल्यावर आवाज उलट वाढला तर जॅकवरच्या दोन तारांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव जास्त. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही झर्र जराही हलत नसेल तर गिटार सोडा, केबल आणि अँप पाहा.

अँप पाहा म्हणजे अँप उघडा नव्हे. गिटारमध्ये असलं तर एखादं व्होल्ट असतं, तिच्यात कुणीही बिनधास्त हात घालावा. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये मात्र पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. आणि घूं जाते म्हणून अँपच्या पिनेचा अर्थचा जाड खांब काढून टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्या जवळ उभंसुद्धा राहू नये. मांडवात गिटार एका बोर्डावर आणि माइक दुसऱ्या बोर्डावर असतो. एका बोर्डाला अर्थिंग नसेल तर एक हात तारांवर आणि ओठ माइकला, एवढ्यात वीज पूर्ण वाट पकडते. गाण्याआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून तार आणि माइकची जाळी यांच्यात मोजा. शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं. पन्नास-शंभर दिसले तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवू नका.

दोन पिकअप वेगवेगळे छान वाजतात, पण एकत्र लावले की आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा होतो, खर्ज गायबच होतो. ही फेजची चूक. एकाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत, म्हणून एक सिग्नल वर जाताना दुसरा खाली जातो. इथे काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा जास्त कामाचा. मीटर सगळ्यात लहान डीसी रेंजवर ठेवून पिकअपच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. काटा एका बाजूला उडी मारेल. दुसऱ्या पिकअपवरही त्याच बाजूला मारला पाहिजे. तो उलटा पळाला तर त्याच्या दोन तारा अदलून घ्या. धातूचं कव्हर मात्र एका तारेला आतून जोडलेलं असेल तर आधी तो जोड वेगळा करावा लागतो, नाहीतर कव्हरच सिग्नलच्या बाजूला जाऊन बसतं.

एवढं सगळं करून झालं, पिकअपच्या दोन तारा सोडवून थेट मोजल्या आणि तरीही मीटर ओपनच दाखवतोय, तेव्हा कुठे पिकअप उडाला म्हणायचं. गंमत म्हणजे तुटलेलं वेटोळं नेहमी मुकं नसतं. तुटक्या टोकांमधल्या कपॅसिटन्समधून थोडा सिग्नल गळतो आणि आवाज येतो, पण बारीक आणि किरकिरा. याउलट काही फेऱ्यांवरचं इनॅमल, म्हणजे विजेला अडवणारा पातळ लेप, खरवडून ते आपसात शॉर्ट झाले, तर मीटरचा आकडा जवळपास नेहमीचाच येतो आणि आवाज मात्र बोथट होतो. ते मीटरला कळत नाही, कानालाच कळतं.

तुटण्याची जागा पाहायला भिंग लागतं. घामाचं मीठ आणि पावसाळ्याची ओल मिळून तांब्यावर हिरवा डाग पडतो, आणि तो बहुतेकदा तिथेच असतो जिथे केसासारखी तार जाड तारेला जोडली आहे. बाहेरचं टोक तुटलं असेल तर नशीब. एक-दोन फेरे उलगडायचे, टोकावरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने काढायचं, पुन्हा सोल्डर करायचं. हजारो फेऱ्यांतले दोन गेले तर आवाजात काही फरक पडत नाही. आतलं टोक तुटलं असेल तर तो जोड सगळ्या फेऱ्यांच्या खाली दबलेला असतो. मग पूर्ण तार काढून पुन्हा गुंडाळावी लागते. पंख्यांच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर हे करू शकतात, पण त्यांच्या यंत्राचा ताण जाड तारेसाठी बसवलेला असतो. तो आधी कमी करायला सांगा, आणि फेरे मोजणारा काउंटर चालतोय ना, तेही विचारून घ्या.